श्लेष्मात पेशी आहे का?

अपेंडिक्स काढल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. टाके कधी काढणार, जिना कधी चढायचा, कामावर कधी रुजू व्हायचं, हे प्रश्न असतात. चाकणच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागलेल्या पंचविशीतल्या मुलाच्या डोक्यात तर खाडे किती पडणार आणि पुढच्या महिन्यात हातात किती येणार एवढंच घोळत असतं. तो लातूरचा, नांदेडचा किंवा थेट बिहारचा असतो. रात्रपाळीत पोटात कळ येते, बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली उतरतं आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये त्याच रात्री ऑपरेशन होतं. बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते आणि ती तिथे संपलेलीच बरी. पण काढलेल्या शंभर अपेंडिक्सपैकी साधारण एखाद्यात गाठ निघते. त्यातल्याही काही थोड्यांत अपेंडिक्स पुवानं नव्हे, तर घट्ट, चिकट, पारदर्शक श्लेष्मानं फुगलेलं असतं.

या श्लेष्माबद्दल मला लिहायचं आहे. वैद्यकात त्याला म्युसिन म्हणतात. अपेंडिक्सच्या दुर्मिळ कर्करोगात माणूस किती वर्षं आणि कसा जगेल, याचा बराचसा निवाडा या म्युसिनच्या स्वभावावर होतो. अपेंडिक्स फुटून तो पोटभर पसरला, तर त्या अवस्थेला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय असं लांबलचक नाव आहे. वर्षाला दहा लाखांत एक ते चार माणसांना होणारा हा आजार. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव हा सगळा पट्टा धरला, तरी वर्षाकाठी त्याचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजता येतील. इतक्या थोड्यांच्या दुखण्यावर इतरांनी कशाला विचार करायचा, असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. आपण सगळेच कर्करोगाविषयी ज्या एका प्रश्नात विचार करतो, तो प्रश्न या आजारापुढे अपुरा पडतो.

तो प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या बाकावर ऐकू येतो. मामा, भाऊ, कंपनीतला सुपरवायझर, कोणीतरी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारतं, “डॉक्टर, साधी गाठ आहे की कॅन्सरची?” दोनच कप्पे. एकात पडलो तर पेढे, दुसऱ्यात पडलो तर रडारड. म्युसिनवाली गाठ या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाही. तिच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या शांत, इतक्या सरळ रांगेत उभ्या दिसतात की त्यांना कर्करोग म्हणायला जीभ धजावत नाही. त्या रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात सहसा जात नाहीत, लसिकाग्रंथींत फारशा शिरत नाहीत. आणि तरीही त्या माणसाला मारू शकतात, कारण त्या श्लेष्म तयार करायचं थांबत नाहीत. पोटात जागा उरत नाही, आतडी दाबली जातात, अन्न पुढे सरकत नाही. ज्याला साधं म्हणावं असं काहीतरी नुसत्या साठण्यानं जीवघेणं होतं.

वैद्यकालाही या आजाराचं मूळ उमगायला दीडशे वर्षं लागली. व्हिएन्नाच्या कार्ल रोकिटान्स्कीनं १८४२ मध्ये श्लेष्मानं फुगलेल्या अपेंडिक्सचं वर्णन केलं. १८८४ मध्ये जर्मनीतल्या वेर्थनं पोटभर पसरलेल्या जेलीला स्यूडोमिक्सोमा हे नाव दिलं. त्याच्या रुग्णेत उगम अंडाशयातला मानला गेला होता. बायकांच्या अंडाशयावर श्लेष्माच्या गाठी चढतात, म्हणून पुढची शंभर वर्षं दोष अंडाशयाकडे जात राहिला. १९९०च्या दशकात पेशींच्या तपासण्या बारकाईनं झाल्या तेव्हा कळलं की बहुतांश वेळा अंडाशय हे फक्त श्लेष्म येऊन बसण्याचं ठिकाण होतं, उगम उजव्या कुशीतल्या त्या करंगळीएवढ्या नळीतच होता. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न २० जानेवारी १९९३ रोजी याच आजारानं गेली. लॉस एंजेलिसमधल्या ऑपरेशननंतर तिला तीन महिनेही मिळाले नाहीत.

मुळात श्लेष्म हा शरीराचा शत्रू नाही. आतड्याच्या अस्तरात गॉब्लेट नावाच्या पेशी असतात. त्या एमयूसी-टू नावाचं एक प्रथिन बनवतात. त्याच्या लांब कण्याला साखरेच्या साखळ्या इतक्या दाट लगडलेल्या असतात की रेणूच्या वजनाचा मोठा भाग साखरेचाच भरतो. या साखळ्या पाणी धरून ठेवतात. रेणूंची टोकं गंधकाच्या बंधांनी एकमेकांत अडकतात आणि जाळं तयार होतं. मोठ्या आतड्यात याच जाळ्याचा आतला थर जिवाणूंना भिंतीपर्यंत पोचू देत नाही. आपण रोज जेवतो आणि आपल्याच पोटातल्या अब्जावधी जिवाणूंनी आजारी पडत नाही, यात या थराचा मोठा वाटा आहे. अपेंडिक्सच्या गाठीत बहुतेकदा केआरएएस आणि जीएनएएस या जनुकांत बिघाड झालेला असतो. जीएनएएसचा बिघाड पेशीच्या आत श्लेष्म बनवण्याचा संदेश सतत चालू ठेवतो. पेशी तिचं नेमून दिलेलं कामच करत असते, फक्त थांबण्याचा निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि नळीचं तोंड बुजलेलं असल्यानं माल बाहेर जायला वाट नसते. रक्षणासाठी निर्माण झालेली गोष्ट, तिचं प्रमाण आणि तिची जागा सुटली की काय होतं, हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला शरीरात दुसरं दिसलेलं नाही.

नळी फुटली की श्लेष्म पोटाच्या पोकळीत उतरतो. तिथे तो कसाही पसरत नाही. पोटातला द्रव ज्या वाटांनी फिरतो त्याच वाटांनी तो जातो आणि जिथे द्रव शोषला जातो तिथे साचतो: उजव्या बाजूला यकृताच्या वर, श्वासपटलाच्या खालच्या अंगाला आणि आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या वपेत. बाकीचा वजनानं ओटीपोटात उतरतो. लहान आतडं मात्र बराच काळ मोकळं राहतं, कारण ते सतत हलत असतं आणि हलणाऱ्या पृष्ठभागावर या पेशींना टिकाव धरता येत नाही. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी हे वितरण नीट मांडलं आणि त्यावरच पुढच्या ऑपरेशनची आखणी झाली. लहान आतडं वाचलेलं असेल तर बाकीचं बरंच काही काढूनही माणूस जगू शकतो.

आता म्युसिनच्या स्वभावाकडे येऊ. पिंपरीतल्या एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला अशा गाठीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मेणाच्या ठोकळ्यातून काढलेला मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा काप, गुलाबी आणि निळ्या रंगात रंगवलेला. पहिल्या नजरेला काहीच दिसलं नाही. फिकट निळसर, ढगाळ अशी मोठाली तळी आणि मधून गुलाबी तंतूंच्या भिंती. त्यांनी स्लाइड हळूहळू सरकवली. एका तळ्याच्या काठाला उंच पेशींची एक छोटी पट्टी चिकटलेली होती, केंद्रकं तळाशी, ओळीत. बस्स, तेवढंच. त्या पट्टीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. रुग्णाच्या पोटात काही लिटर जेली भरलेली असली, तरी त्या रुग्णाच्या भविष्याचा निर्णय त्या पट्टीवर होता.

पहिला भेद हाच: श्लेष्मात पेशी आहे की नाही. अपेंडिक्सच्या आसपासच सांडलेला, पेशीरहित श्लेष्म असेल तर धोका फार कमी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, श्लेष्म पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातच राहिलेल्या रुग्णांत, पेशी नव्हत्या त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, तर अपेंडिक्सबाहेरच्या श्लेष्मात पेशी सापडल्या त्यांच्यात ३३ टक्के. जागा तीच, डोळ्यांना दिसणारी जेली तीच. कर्करोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय विभागणीची जी आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आली, तिच्यात पोटात पसरलेल्या पेशीरहित श्लेष्माला म्हणूनच वेगळी पायरी दिली गेली.

दुसरा भेद पेशी कशी आहे याचा. २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून नावांचा गोंधळ निस्तरला आणि पोटातल्या श्लेष्माचे चार वर्ग ठरवले: पेशीरहित, सौम्य प्रतीच्या पेशी असलेला, उग्र प्रतीच्या पेशी असलेला आणि सिग्नेट रिंग पेशी असलेला. या शेवटच्या पेशीत श्लेष्म बाहेर न पडता आतच कोंडतो आणि केंद्रकाला एका कडेला ढकलून देतो. म्हणजे तळ्यात सोडलेला श्लेष्म त्यातल्या त्यात सुसह्य, पेशीच्या पोटात अडकलेला भयंकर. त्यातही बारकावा आहे. या पेशी नुसत्या तळ्यात तरंगत असतील तर एक गोष्ट, ऊतीत घुसल्या असतील तर दुसरी. रोनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०९ रुग्णांचा केलेला पाठपुरावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य प्रतीच्या गटातले ७५ टक्के रुग्ण पाच वर्षांनी आणि ६८ टक्के दहा वर्षांनी हयात होते. उग्र गटात हेच आकडे १४ आणि ३ होते. रेडिओलॉजिस्टला स्कॅनवर दोन्ही गटांत जेलीनं भरलेलं पोट आणि दाबानं खाचा पडलेली यकृताची कड दिसू शकते, इतकं साम्य असतं. फरक स्लाइडवर असतो.

या पट्ट्यातल्या वाचकाला हे पटायला अवघड जाऊ नये. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न यांच्यातला फरक ठाऊक आहे. दोन्हींत कार्बन जवळपास तेवढाच असतो. एकात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरतं आणि धातू ठिसूळ राहतो. दुसऱ्यात थोडं मॅग्नेशियम घातल्यानं ते गोल गोळ्यांत जमतं आणि तोच धातू ताण सोसतो. म्हणून तिथला इन्स्पेक्टर नुसत्या रासायनिक रिपोर्टवर सही करत नाही. तो तुकडा घासतो, चकचकीत करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइटचा आकार बघतो. गाडीच्या एका सुट्या भागासाठी आपण ही काळजी घेतो. माणसाच्या अपेंडिक्ससाठी ती घेतली जावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

इथे एक अडचण आहे आणि ती मला विचार करण्याजोगी वाटते. “पेशी आहे” हे सांगायला एक पेशी पुरते. “पेशी नाही” हे सांगायला किती पाहायला हवं? श्लेष्माच्या भल्यामोठ्या गोळ्यातून एकच तुकडा घेऊन स्लाइड केली आणि त्यात काही दिसलं नाही, तर त्या “नाही”ला फारसा अर्थ नसतो. म्हणून अशा वेळी संपूर्ण अपेंडिक्स आणि मिळालेला श्लेष्म शक्य तितका तपासावा, ठोकळ्यांची संख्या वाढवावी, असा दंडक आहे. न्यायशास्त्राच्या जुन्या पंडितांनी अभावाच्या ज्ञानावर मोठा वाद घातला. भूतलावर घट नाही हे आपल्याला कळतं कसं? घट असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तेव्हाच न दिसण्याला अर्थ असतो, असं त्यांचं म्हणणं. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर हा वाद रोज जिवंत असतो. तिथे “दिसला असता” ही अट पुरी करायची म्हणजे आणखी दहा काप घ्यायचे, आणखी एक दुपार द्यायची.

म्युसिनचा तिसरा गुण हाताला कळणारा आहे: तो मऊ आहे, अर्धवट घट्ट आहे की कडक. मऊ श्लेष्म शल्यविशारद ओंजळीनं काढतात, नळीनं ओढून घेतात. कडक श्लेष्म पोटाच्या अस्तराला आणि आतड्याला असा धरून बसतो की तो काढताना अस्तरही काढावं लागतं. सुईनं पोटातलं “पाणी” काढायला जावं आणि सुई कोरडी परत यावी, असं या आजारात होतं. आपल्याकडे पोट फुगलं की क्षयाचा संशय आधी येतो, त्यामुळे काही रुग्ण महिनोन् महिने भलत्याच उपचारांवर राहतात. सिडनीच्या डेव्हिड मॉरिस यांच्या गटानं या श्लेष्माचे कडकपणानुसार तीन प्रकार केले आणि तो विरघळवण्याचा ध्यास घेतला. अननसाच्या देठातून मिळणारं ब्रोमेलेन प्रथिनाचा कणा तोडतं. खोकल्यातला कफ सुटावा म्हणून दिलं जाणारं एन-असिटिलसिस्टीन गंधकाचे बंध सोडवतं. दोन्ही एकत्र करून पोटात सोडण्याचा वीस रुग्णांवरचा पहिला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अजून प्रयोगच आहे आणि कुणी घरी अननस खाऊन त्याची बरोबरी करू नये. पण श्लेष्माच्या रचनेचं ज्ञान उपचाराच्या इतकं जवळ आलेलं पाहून मन भरून येतं.

आज रूढ असलेला उपचार म्हणजे मोठं ऑपरेशन. आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त. वपा, पोटाचं अस्तर, गरज पडली तर प्लीहा, पित्ताशय, आतड्याचा काही भाग, बायकांत अंडाशय, जे जे श्लेष्मानं व्यापलं ते काढायचं. मग ४१ ते ४३ अंश सेल्सियस तापमानाचं औषध तासभर ते दीड तास पोटात फिरवायचं. हे औषध ऊतीत काही मिलिमीटरच शिरतं. म्हणून श्लेष्म आधी जवळपास पूर्ण निघायला हवा, अडीच मिलिमीटरहून मोठा कण मागे राहता कामा नये. इथे कडकपणा आड येतो. औषध बहुधा मायटोमायसिन असतं, जपानमध्ये १९५०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवलेलं. हे वाचताना मला पिंपरीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी त्याच काळात सूक्ष्मजीव चाळत होते. १९६१ मध्ये त्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं, तेही स्ट्रेप्टोमायसिसच्याच एका जातीतून. त्या जातीला त्यांनी नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. कारखान्यांच्या या गावाचं नाव जीवशास्त्राच्या ग्रंथात असं कायमचं कोरलं गेलं आहे, आणि इथल्या फार थोड्या लोकांना ते माहीत आहे याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मोठ्या केंद्रांत असे उपचार घेतलेल्या २,२९८ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये एकत्र मांडली गेली. त्यात मध्यम आयुर्मान १९६ महिने, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक निघालं. पोट उघडून जेली काढायची, ती पुन्हा साठली की पुन्हा उघडायचं, असा ज्या आजाराचा जुना क्रम होता, त्यात सोळा वर्षं हा शब्द उच्चारता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. भारतातल्या अनुभवाचा एक एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. पुण्याच्या स्निता सिनुकुमार त्याच्या प्रमुख लेखिका होत्या. म्हणजे यासाठी आता बोस्टन किंवा सिडनी गाठायला नको. चाकणहून निघालेला माणूस पुण्यात किंवा मुंबईत योग्य हातांत पोचू शकतो, मात्र त्याला काय झालंय हे वेळेवर कळायला हवं.

आणि आकडा हाती आला तरी तो एका माणसाचं भविष्य सांगत नाही. ७५ टक्के हे एका गटाचं वर्णन आहे. पलंगावर बसलेली बाई पंचाहत्तर टक्के जगत नाही. ती जगते किंवा जगत नाही. तिला हवं असतं ते आपल्या गटाचं नाव, कारण त्यावरून पुढचं पाऊल ठरतं: नुसतं लक्ष ठेवायचं, की मोठ्या ऑपरेशनला तयार व्हायचं, की आधी केमोथेरपी घ्यायची. निदान म्हणजे शिक्षा ऐकवणं, असं आपल्याकडे मानलं जातं आणि म्हणून घरचे रिपोर्ट लपवून ठेवतात. या आजारात तरी लपवण्याचं कारण नाही. श्लेष्माचा प्रकार कळणं ही अनेकांसाठी दिलासा देणारी बातमी असते.

म्हणून या पट्ट्यात राहणाऱ्यांना आणि इथे कामाला येऊन पुन्हा गावी जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असेल, तर काढलेला भाग तपासणीला पाठवला होता का, हे विचारा आणि तो लेखी रिपोर्ट मागून घ्या. डिस्चार्ज कार्डासोबत तो जपून ठेवा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून गावाकडच्या माणसालाही पाठवा, कारण खोली बदलते, ठेकेदार बदलतो आणि कागद हरवतो. रिपोर्टमध्ये म्युसिन, म्युसिनस किंवा एलएएमएन (अपेंडिक्सच्या सौम्य प्रतीच्या म्युसिनवाल्या गाठीचं इंग्रजी आद्याक्षरी नाव) असं काही लिहिलेलं दिसलं, तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. म्युसिन अपेंडिक्सच्या बाहेर होता का, त्यात पेशी होत्या का, असल्या तर कोणत्या प्रतीच्या आणि सगळा भाग तपासला का, हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारा. उत्तर नसेल तर मेणाचा ठोकळा लॅबमधून मागता येतो. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यातून नवे काप घेता येतात. पँटचा पट्टा काही महिन्यांत दोन-तीन भोकं पुढे गेला, नवा हर्निया उतरला किंवा बाईच्या अंडाशयावर श्लेष्माची गाठ सांगितली, तर स्कॅन करून घ्या आणि अपेंडिक्सकडे लक्ष द्यायला सांगा. कंपनीच्या वैद्यकीय खोलीत बसणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांनीही हे चार प्रश्न भिंतीवर लावून ठेवावेत, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.